टीव्ही फक्त मॉनिटर म्हणून वापरायचा असेल तर

टीव्हीला संगणक जोडला की ठरलेल्या तक्रारी लगेच सुरू होतात. अक्षरांच्या कडा फुटल्यासारख्या दिसतात, टास्कबार अर्धा पडद्याबाहेर जातो, माउस हातामागून रेंगाळत येतो आणि पांढरं पान डोळ्यांवर आदळतं. मग निष्कर्ष निघतो, की टीव्ही मॉनिटरच्या कामाचा नाही. मला हा निष्कर्ष घाईचा वाटतो. बहुतेक टीव्हींचं पॅनेल, म्हणजे चित्र उमटवणारा मूळ पडदा, चांगलंच असतं. त्यावर चित्र पोचण्याआधी टीव्ही जे संस्कार करतो, ते आपल्याला नको असतात.

टीव्ही घडवला जातो तो लांबून बघायच्या हलत्या चित्रासाठी. तो कडा कापतो, रेषा गडद करतो, दोन फ्रेमच्या मध्ये स्वतःची एक फ्रेम घालतो, अंधारं दृश्य आलं की उजेड उतरवतो. सिनेमात हे खपून जातं. संगणकाच्या चित्रात मात्र प्रत्येक पिक्सेलचा रंग आधीच ठरलेला असतो, आणि त्यात केलेली ढवळाढवळ सगळ्यात आधी अक्षरांत दिसते. म्हणून पुढची सगळी खटपट एवढ्यासाठीच आहे, की जे आलं ते टीव्हीने जसंच्या तसं दाखवावं. स्मार्ट टीव्ही असेल तर त्याचं इंटरनेट तोडणंही याच कामात आलं, कारण पडद्यावर काय चाललंय याची नोंद ठेवणं हे पडद्याचं काम नव्हे.

पायऱ्यांचा क्रम शक्यतो बदलू नका. सिग्नलच चुकीचा येत असेल तर टीव्हीच्या मेन्यूत तासभर घालवूनही अक्षरं सुधारणार नाहीत.

आधी आकार आणि अंतर

एका इंचात किती पिक्सेल बसतात, यावर अक्षरांचा बारीकपणा ठरतो. नेहमीच्या २४ इंची फुल एचडी (१९२० बाय १०८० पिक्सेल) मॉनिटरवर इंचाला साधारण ९२ पिक्सेल असतात. ४३ इंची ४के (३८४० बाय २१६० पिक्सेल) टीव्हीवर ते १०२ भरतात, म्हणजे टीव्ही मॉनिटरपेक्षा सरसच. ५५ इंची ४केवर ८०, ३२ इंची फुल एचडीवर ६९, आणि १३६६ बाय ७६८ पिक्सेलच्या ३२ इंची साध्या एचडी टीव्हीवर फक्त ४९. टेबलावर बसून वाचन-लेखन करायचं असेल तर मी ८० च्या खाली जाणार नाही. त्याखाली अक्षरांच्या पायऱ्या दिसू लागतात. मराठी मजकुरात हे फार लवकर कळतं. रफार शिरोरेषेला चिकटतो, अनुस्वाराचा ठिपका चौकोनी दिसतो आणि ‘दृष्टी’मधला ऋकार नुसता डाग होऊन बसतो. असा टीव्ही व्हिडिओ, सादरीकरण किंवा दीड-दोन मीटरवरून बघायच्या कामांसाठी ठेवावा.

माझ्या मते टेबलावरच्या कामाला ४० ते ४३ इंची ४के हाच सगळ्यात सोयीचा आकार. ४३ इंचीची रुंदी जवळपास ९५ सेंटिमीटर आणि उंची ५४ सेंटिमीटर असते. अर्थात ६० सेंटिमीटरवर बसलात तर मान सतत इकडून तिकडे फिरवावी लागेल. ८० ते १०० सेंटिमीटर अंतर मिळालं तर उत्तम. त्यासाठी टेबल खोल हवं किंवा टीव्ही मागच्या भिंतीवर टांगायला हवा. टीव्हीच्या पायांना उंची कमी-जास्त करायची सोय नसते आणि बऱ्याच टीव्हींचे पाय दोन टोकांना असतात, त्यामुळे टेबलाची रुंदी आधीच मोजून ठेवा. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली यावी. टांगताना लोक दिवाणखान्यातल्या सवयीने टीव्ही फार वर चढवतात आणि आठवड्याभरात मान धरते.

पॅनेलचा प्रकारही बघा. एलसीडी टीव्हींत व्हीए आणि आयपीएस असे दोन मुख्य प्रकार असतात. व्हीए पॅनेलचा काळा रंग छान गडद असतो, पण जवळून बघताना कोपऱ्यांकडे नजर तिरकी पडते आणि तिथले रंग फिके दिसतात. आयपीएसमध्ये काळा थोडा राखाडी दिसतो, मात्र चारही कोपरे सारखे राहतात. दिवसभर मजकूर वाचायचा असेल तर आयपीएस घ्यावा.

स्मार्टपणा कसा बंद ठेवायचा

नवा टीव्ही पहिल्यांदा सुरू केला की तो वाय-फायचा पासवर्ड मागतो. देऊ नका. ‘नंतर करू’, ‘वगळा’ अशा अर्थाचा पर्याय बहुधा पडद्याच्या एखाद्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत असतो. गूगल टीव्ही असलेल्या संचांत सुरुवातीलाच ‘बेसिक टीव्ही’ निवडता येतं. ते निवडलं की अ‍ॅप आणि खातं यांची भानगडच राहत नाही, टीव्ही फक्त अँटेना आणि एचडीएमआय दाखवतो. अटी-शर्तींच्या पानावर वापराच्या अटी मान्य करणं कधीकधी भाग पडतं, पण बघण्याच्या सवयींची माहिती देणं आणि तुमच्या आवडीनुसार जाहिराती दाखवणं यांच्या खुणा वेगळ्या असतात. त्या काढून टाका.

हा खबरदारीचा अतिरेक वाटेल, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. स्मार्ट टीव्हींत पडद्यावरचा आशय आपोआप ओळखणारी यंत्रणा असते. तिला एसीआर म्हणतात. ती पडद्यावरच्या चित्राचे नमुने घेऊन त्यांचा ठसा कंपनीच्या सर्व्हरकडे पाठवते. अमेरिकेत २०१७ मध्ये अशाच प्रकरणात व्हिझिओ कंपनीने फेडरल ट्रेड कमिशन आणि न्यू जर्सी राज्याशी तडजोड करून २२ लाख डॉलर भरले. १ कोटी १० लाख टीव्हींवरून प्रेक्षकांना न विचारता माहिती गोळा केल्याचा तो आरोप होता. आपल्या विषयाशी थेट संबंध आहे तो २०२४ च्या एका अभ्यासाचा. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडन, कॅलिफोर्निया विद्यापीठाची डेव्हिस शाखा आणि माद्रिदचं कार्लोस तिसरा विद्यापीठ इथल्या संशोधकांनी सॅमसंग आणि एलजीच्या टीव्हींमधून बाहेर जाणारी माहिती तपासली. टीव्ही एचडीएमआयने जोडलेला नुसता पडदा म्हणून वापरला तरी ही ओळख चालूच राहते, असं त्यांना आढळलं. सेटिंगमधून नकार दिल्यावर मात्र ती थांबत होती. संगणकाच्या पडद्यावर आपली पत्रं, हिशोब, कुणाची तरी वैद्यकीय कागदपत्रं असतात. त्यामुळे ‘मी कुठे टीव्हीवरचे अ‍ॅप वापरतो’ एवढ्याने भागत नाही.

तेव्हा दोन्ही करा. सेटिंगमधली परवानगी काढा आणि जोडणीही देऊ नका. सॅमसंगमध्ये ही परवानगी ‘व्ह्यूइंग इन्फर्मेशन सर्व्हिसेस’ या नावाने असते, एलजीमध्ये ‘लाइव्ह प्लस’. टीव्ही आधी वाय-फायला जोडलेला असेल तर ‘फॅक्टरी रीसेट’ करून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करणं सगळ्यात स्वच्छ. साठवलेला पासवर्ड त्यात पुसला जातो. ब्लूटूथ, मोबाइलवरून चित्र पाठवायची सोय आणि आवाजाने चालणारी मदतनीस सेवा यांचीही बटणं बंद करा. सॉफ्टवेअरमध्ये एखादा ठरावीक दोष असेल आणि अपडेट घालायचाच असेल तर कंपनीच्या संकेतस्थळावरून फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन यूएसबीतून घाला. टीव्ही मॉनिटरचं काम नीट करत असेल तर अपडेटच्या मागे लागू नये, असं मला वाटतं.

शेवटी, टीव्ही चालू झाल्यावर होम स्क्रीनऐवजी थेट शेवटच्या इनपुटवर यावा, अशी सोय मेन्यूत शोधा. बहुतेक संचांत ती ‘स्टार्ट’ किंवा ‘पॉवर ऑन’ अशा शब्दांजवळ असते. एवढ्याने रोजची बरीच कटकट मिटते. काही संच इंटरनेट आणि खात्याशिवाय पुढे सरकतच नाहीत. विकत घ्यायच्या आधी हे विचारून, शक्य तर समोर करून बघावं.

केबल आणि पोर्ट

४के टीव्हीवर माउस अडखळत असेल तर सगळ्यात आधी किती हर्ट्झ मिळताहेत, म्हणजे चित्र सेकंदाला किती वेळा येतंय, ते बघा. एचडीएमआय १.४ मधून ४के चित्र सेकंदाला फक्त ३० वेळा जातं. व्हिडिओला ते पुरतं, पण मजकूर सरकवताना डोळ्यांना त्रास होतो. २०१३ साली आलेल्या २.० आवृत्तीची क्षमता सेकंदाला १८ गिगाबिट आहे आणि तिच्यातून ४के, ६० हर्ट्झ आणि पूर्ण रंग असं तिन्ही ८ बिटमध्ये (म्हणजे प्रत्येक मूळ रंगाच्या २५६ छटांत) मिळतं. २०१७ च्या २.१ मध्ये ही क्षमता ४८ गिगाबिटपर्यंत गेली, त्यामुळे ४के १२० हर्ट्झला जातं. मात्र २.१ मधल्या बऱ्याच सोयी ऐच्छिक आहेत, म्हणून खोक्यावरच्या आकड्यावर विसंबू नका. माहितीपुस्तिकेत ‘४के १२० हर्ट्झ’ असं स्पष्ट लिहिलंय का ते बघा. एकाच टीव्हीवरचे सगळे पोर्टही सारखे नसतात. चारपैकी एक-दोनच पूर्ण ताकदीचे असणं अगदी नेहमीचं आहे.

केबलवर ‘प्रीमियम हाय स्पीड’ असेल तर १८ गिगाबिटचं काम होतं, १२० हर्ट्झसाठी ‘अल्ट्रा हाय स्पीड’ लागते. दोन-तीन मीटरच्या आत रहा. पडदा मधूनच क्षणभर काळा होत असेल किंवा चमकणारे ठिपके दिसत असतील तर टीव्हीला दोष देण्याआधी केबल बदला.

लॅपटॉपला एचडीएमआय नसेल आणि यूएसबी-सीमधून जोडायचं असेल, तर त्या पोर्टमधून चित्र बाहेर येतं का हे आधी तपासा. सगळ्या यूएसबी-सी पोर्टना ते जमत नाही. अ‍ॅडॅप्टरवर नुसतं ‘४के’ लिहिलेलं असेल तर तो बहुधा ३० हर्ट्झचा निघतो, ‘४के ६० हर्ट्झ’ असाच घ्या. डिस्प्लेपोर्टमधून ४के ६० हर्ट्झ हवं असेल तर साधा निष्क्रिय अ‍ॅडॅप्टर पुरत नाही, सक्रिय (आत सिग्नल बदलणारी चिप असलेला) लागतो.

टीव्हीचा मेन्यू

आता मुख्य काम. सगळ्यात पहिल्यांदा, संगणक ज्या इनपुटला जोडलाय त्याची ओळख ‘पीसी’ अशी करून द्या. एलजी आणि सॅमसंगमध्ये इनपुटच्या यादीत ते नाव किंवा चिन्ह बदलता येतं. बदल फक्त नावाचा वाटतो, पण त्यासोबत टीव्हीच्या आतली प्रक्रिया बदलते. बऱ्याच संचांत पूर्ण रंगांतली अक्षरं ही ओळख दिल्यावरच मिळतात. सोनीमध्ये चित्राच्या प्रकारांत ‘ग्राफिक्स’ निवडायचं. यातलं काहीच नसेल तर ‘गेम’ निवडा. निदान प्रक्रिया तरी कमी होते आणि माउसचा विलंब घटतो.

दुसरी गोष्ट, त्या पोर्टला पूर्ण क्षमता द्यायची. कितीतरी टीव्हींत पोर्ट जुन्या, कमी क्षमतेच्या रीतीवर ठेवलेले असतात आणि ते आपण हाताने बदलावं लागतं. सॅमसंगमध्ये या सेटिंगला ‘इनपुट सिग्नल प्लस’ म्हणतात, एलजीमध्ये ‘एचडीएमआय अल्ट्रा एचडी डीप कलर’, सोनीमध्ये ‘एन्हान्स्ड फॉरमॅट’. बदलल्यावर पडदा एकदा काळा होऊन परत येतो, घाबरू नका.

तिसरी, कापल्या जाणाऱ्या कडा. काचेच्या नळीच्या टीव्हींत चित्राच्या कडा वेड्यावाकड्या दिसू नयेत म्हणून चित्र थोडं मोठं करून कडा चौकटीबाहेर ढकलत. ती सवय सपाट पडद्यांतही उरली आहे. टास्कबार कापला जातो तो यामुळेच. नुकसान मात्र कडांपुरतं नसतं. चित्र दोन-तीन टक्क्यांनी ताणलं की एकही पिक्सेल आपल्या जागी राहत नाही आणि सगळाच मजकूर धूसर होतो. चित्राच्या आकाराच्या मेन्यूत ‘जस्ट स्कॅन’, ‘फिट टू स्क्रीन’, ‘फुल पिक्सेल’ किंवा ‘डॉट बाय डॉट’ यांपैकी एखादं नाव सापडेल, ते निवडा. संगणकाच्या ग्राफिक्स सॉफ्टवेअरमध्येही चित्र लहान करून कडा आत आणायची सोय असते. ती वापरली तर कडा आत येतात खऱ्या, पण चित्र दोनदा ताणलं जातं. टीव्हीत खरोखरच पर्याय नसेल तरच तिकडे वळा.

मग चित्र ‘सुधारणाऱ्या’ सगळ्या सोयी बंद करा. गोंगाट कमी करणं, हालचाल गुळगुळीत करणं, आपोआप बदलणारा कॉन्ट्रास्ट, खोलीच्या उजेडाप्रमाणे बदलणारी चमक, वीज वाचवणं. शेवटचं बंद करताना वाईट वाटतं, पण त्या सेटिंगमुळे काळी खिडकी उघडली की पडदा मंद होतो आणि पांढरी उघडली की भडकतो. दिवसभर ते सोसवत नाही. बॅकलाइट, म्हणजे पॅनेलमागचे दिवे, भागाभागाने कमी-जास्त करणारी सोयही कामाच्या वेळी बंद ठेवावी, नाहीतर काळ्या पार्श्वभूमीवर माउसभोवती धुरकट वलय फिरत राहतं.

‘शार्पनेस’वर जरा थांबा. नाव बघून वाटतं वाढवलं की अक्षरं धारदार होतील. प्रत्यक्षात टीव्ही काळ्या रेषेच्या दोन्ही बाजूंना पांढरी कड रेखाटतो. लांबून ती धार भासते, जवळून अक्षराला झालर लावल्यासारखी दिसते. राखाडी पार्श्वभूमीवर काळ्या अक्षरात एक वाक्य लिहा, पडद्याजवळ जा आणि ती पांढरी झालर नाहीशी होईपर्यंत आकडा खाली आणत जा. बऱ्याच टीव्हींत ती शून्यावर जाते. सोनीमध्ये मधला ५० हा आकडाच तटस्थ असतो, त्याखाली गेलात तर चित्र उलट पुसट होतं.

संगणकाच्या बाजूने

विंडोज ११ मध्ये ‘सेटिंग्ज’, ‘सिस्टीम’, ‘डिस्प्ले’ आणि त्यात ‘अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले’ उघडा. तिथे डेस्कटॉपचं रिझोल्यूशन आणि प्रत्यक्ष बाहेर जाणाऱ्या सिग्नलचं रिझोल्यूशन असे दोन आकडे दिसतात. दोन्ही टीव्हीच्या पॅनेलइतकेच हवेत. ४के टीव्ही कधीकधी ४०९६ बाय २१६० हेही आपल्याला जमतं असं सांगतो आणि संगणक तेच उचलतो. ते सिनेमासाठीचं माप आहे. टीव्हीचं पॅनेल ३८४० बाय २१६०चं असल्यामुळे चित्र दाबलं जातं आणि अक्षरं बिघडतात. हाताने ३८४० निवडा. एनव्हिडियाच्या नियंत्रण फलकात रिझोल्यूशनची यादी दोन गटांत असते, त्यातला ‘पीसी’ गटातला आकडा घ्यावा.

त्याच पानावर रंगांचं स्वरूप दिसतं. ते ‘आरजीबी’ किंवा ४:४:४ असायला हवं. ४:२:२ किंवा ४:२:० असेल तर उजेडाची माहिती प्रत्येक पिक्सेलची वेगळी येते, पण रंगाची माहिती दोन किंवा चार पिक्सेलना मिळून एकच येते. काळ्यावर पांढऱ्या मजकुरात हे फारसं जाणवत नाही. निळ्यावर लाल अक्षरं लिहून बघा. अक्षराच्या बारीक रेषा पुसल्या गेल्या, मात्रा रंगात मिसळून गेल्या, तर रंग वाटून घेतले जाताहेत हे नक्की. एचडीएमआय २.० वर १० बिट किंवा एचडीआर (उजळ आणि गडद यांतला फरक वाढवणारं चित्र) चालू केलं की ४के ६० हर्ट्झला पूर्ण रंग मावत नाहीत आणि संगणक गुपचूप ४:२:२ वर उतरतो. कामाच्या डेस्कटॉपसाठी एचडीआर बंद आणि ८ बिट, हेच बरं.

नंतर काळ्या-पांढऱ्याची पट्टी. संगणक शून्य ते २५५ अशा पूर्ण पट्टीत रंग मोजतो, तर टीव्हीच्या परंपरेत १६ ते २३५ चालतात. दोघांचं एकमत नसेल तर दोनपैकी एक गोष्ट घडते. संगणक आखूड पट्टी पाठवतो आणि टीव्ही पूर्ण धरून चालतो, तेव्हा काळा राखाडी दिसतो आणि सगळंच चित्र धुतल्यासारखं वाटतं. उलट झालं तर गडद छटा एकमेकींत बुडतात, काळ्या कोटाच्या घड्या दिसेनाशा होतात. ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये ‘फुल’ निवडा आणि टीव्हीतलं ‘ब्लॅक लेव्हल’ दोन्हीकडे फिरवून बघा. त्याची नावं कंपनीगणिक बदलतात, तेव्हा डोळ्यांनीच ठरवा. शून्य, ५, १०, १५ आणि २० अशा गडद छटांचे पाच चौकोन शेजारी शेजारी रंगवा. पाचही वेगळे ओळखू आले आणि शून्याचा चौकोन खरोखर काळा दिसला, की झालं.

लिनक्सवर इंटेलच्या ग्राफिक्ससाठी हेच सेटिंग ‘ब्रॉडकास्ट आरजीबी’ या नावाने मिळतं. एएमडीचं कार्ड आणि लिनक्स अशी जोडी असेल तर ४के १२० हर्ट्झच्या भरवशावर टीव्ही घेण्याआधी चौकशी करा. खुल्या स्रोताच्या ड्रायव्हरमध्ये एचडीएमआय २.१ ची सोय देण्याचा एएमडीचा प्रस्ताव एचडीएमआयचे नियम ठरवणाऱ्या एचडीएमआय फोरमने २०२४ मध्ये फेटाळला होता.

सगळं जुळलं का, याची परीक्षा

एक छोटी चाचणी बाकी सगळ्यांवर भारी पडते. पेंटसारख्या कार्यक्रमात पॅनेलच्या नेमक्या मापाचं कोरं चित्र घ्या. त्यावर एक पिक्सेल काळा, एक पांढरा असा बारीक पट बनवा. लहान तुकडा काढून तो नकलून पसरवत गेलं की पटकन होतो. आता ते चित्र शंभर टक्के आकारात पूर्ण पडदाभर उघडा आणि दोन पावलं मागे जा. सगळीकडे एकसारखा करडा रंग दिसला तर प्रत्येक पिक्सेल आपल्या जागी आहे. लाटा, चौकटी किंवा जाळ्या दिसल्या तर कुठेतरी चित्र ताणलं जातंय. अशा वेळी रिझोल्यूशन आणि कडांचं सेटिंग पुन्हा बघा.

यात पास होऊनही मजकूर खटकत असेल तर पॅनेलमधल्या लाल, हिरव्या, निळ्या उपपिक्सेलचा क्रम तपासा. विंडोज अक्षरं गुळगुळीत करताना लाल-हिरवा-निळा हा क्रम गृहीत धरतं. काही टीव्हींत तो उलटा, निळा-हिरवा-लाल असतो आणि मग अक्षरांच्या कडांना रंगीत छटा येते. शोधपट्टीत ‘क्लिअरटाइप’ लिहून येणाऱ्या पानांवर डोळ्यांना बरा वाटणारा नमुना निवडत जा, बराच फरक पडतो. मॅकवर हा प्रश्न येत नाही, कारण २०१८ च्या मोहावी या आवृत्तीपासून ॲपलने रंगीत गुळगुळीतपणा सोडून दिला आहे.

अक्षरांचा आकार विंडोजच्या ‘स्केल’मधून ठरवावा, रिझोल्यूशन कमी करून कधीच नाही. ४३ इंची ४केवर १०० टक्के पुरतं, डोळ्यांना ताण वाटला तर १२५. ५५ इंची जरा लांबून बघत असाल तर १५० पर्यंत जायला हरकत नाही.

विलंब मोजायलाही खास उपकरण लागत नाही. लॅपटॉपचा पडदा आणि टीव्ही यांवर एकच चित्र ठेवा, मिलिसेकंद दाखवणारं स्टॉपवॉच चालू करा आणि दोन्ही पडदे एका चौकटीत घेऊन मोबाइलने सात-आठ फोटो काढा. दोन आकड्यांतला फरक म्हणजे लॅपटॉपच्या तुलनेत टीव्हीचा उशीर. ६० हर्ट्झला एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची असते. फरक एक-दोन फ्रेमचा असेल तर हाताला कळणार नाही. शंभरच्या आसपास निघाला तर चित्र सुधारणारी एखादी सोय अजून चालू आहे.

डोळ्यांसाठी उजेड

टीव्ही लख्ख खोलीत लांबून दिसावा म्हणून कारखान्यातूनच भडक येतो. ‘व्हिव्हिड’ प्रकार आधी सोडा, तो पांढऱ्याला निळसर करतो. मग बॅकलाइट कमी करा. इथे एक घोळ आहे. बऱ्याच टीव्हींत ‘ब्राइटनेस’ म्हणजे काळ्या रंगाची पातळी असते आणि पडद्याचा खरा उजेड ‘बॅकलाइट’मधून बदलतो. ‘ब्राइटनेस’ उतरवत बसलात तर गडद छटा बुडतील आणि डोळ्यांना आराम मिळणारच नाही. पडद्याशेजारी कोरा पांढरा कागद धरा आणि पडद्यावरचं पांढरं त्या कागदाइतकंच उजळ दिसेपर्यंत बॅकलाइट खाली आणा.

काही टीव्ही उजेड कमी करण्यासाठी दिवे वेगाने चालू-बंद करतात. पांढऱ्या पडद्यासमोर पेन्सिल भरभर हलवा. तिचा सलग पुसट पंखा दिसला तर ठीक. सुट्या सुट्या पेन्सिली दिसल्या तर तिथे लुकलुक आहे. डोकेदुखीचा त्रास असलेल्यांनी अशा टीव्हीवर बॅकलाइट जरा वरच ठेवून कॉन्ट्रास्ट कमी करून बघावा, किंवा हा टीव्ही कामासाठी वापरूच नये.

ओएलईडी, म्हणजे बॅकलाइट नसलेल्या आणि प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळणाऱ्या पडद्यावर आणखी काळजी लागते. टास्कबार, ब्राउझरची पट्टी अशा न हलणाऱ्या गोष्टींचा कायमचा ठसा उमटू शकतो. टास्कबार आपोआप लपेल असं करा, पार्श्वभूमी गडद ठेवा, उजेड मध्यम ठेवा आणि पिक्सेल सरकवण्याची सोय चालू असू द्या. बंद केल्यावर भिंतीवरचा स्विच मात्र लगेच पाडू नका. पॅनेलची स्वतःची दुरुस्ती टीव्ही स्टँडबायमध्ये असतानाच चालते. मोठी पांढरी खिडकी उघडली की ओएलईडी आपणहून मंद होतो, तो दोष नव्हे. दिवसभर तक्ते आणि कागदपत्रं हाताळणाऱ्याला मी ओएलईडी सुचवणार नाही.

रोजच्या वापरातल्या बारीक अडचणी

संगणक झोपला की मॉनिटरही झोपतो आणि जागा झाला की उठतो. टीव्ही असं करत नाही. सिग्नल गेला की तो सूचना दाखवत राहतो, काही वेळाने बंद होतो आणि नंतर रिमोटनेच चालू करावा लागतो. टीव्ही आणि जोडलेली उपकरणं एकमेकांना चालू-बंद करतात ती सीईसी नावाची सोय बहुतेक संगणकांच्या ग्राफिक्स कार्डांत नसते, त्यामुळे रिमोट टेबलावरच ठेवा. काम ऐन रंगात असताना टीव्ही आपणहून बंद झाला तर त्यामागे वेळेवर बंद होण्याचं सेटिंग असतं. टीव्हीला कीबोर्ड-माउसची हालचाल दिसत नाही. चार तास रिमोटला हात लागला नाही म्हणजे समोर कुणीच नाही, असं तो समजतो. ते सेटिंग बंद करा.

टीव्हीसोबत दुसरा मॉनिटरही असेल तर टीव्ही बंद केल्यावर सगळ्या खिडक्या दुसरीकडे उड्या मारतात. विंडोज ११ मध्ये जोडणीनुसार खिडक्यांच्या जागा लक्षात ठेवायचा पर्याय ‘डिस्प्ले’च्या पानावर आहे, तो चालू ठेवा. आवाजही एचडीएमआयमधूनच जातो. टीव्हीतून आवाज येत नसेल तर संगणकाच्या आवाजाच्या यादीत टीव्हीचं नाव निवडा.

जुना, साधा टीव्ही असेल तर

इंटरनेटचा गंधही नसलेला जुना टीव्ही हाताशी असेल तर स्मार्टपणाची अख्खी कटकट वाचते, पण पॅनेलची मर्यादा मान्य करावी लागते. १३६६ बाय ७६८च्या संचाला एचडीएमआयने जोडलं तर तो बहुधा १९२० बाय १०८० किंवा १२८० बाय ७२० घेतो आणि आतल्या आत ते आपल्या मापात बसवतो. दोन्हीत अक्षरं बिघडतात. अशा टीव्हीला मागे निळा व्हीजीए पोर्ट असेल आणि संगणकालाही तो असेल, तर एकदा तिकडून जोडून बघाच. १३६६ला आठने भाग जात नाही, म्हणून यादीत बहुधा १३६० बाय ७६८ मिळतं. ते निवडा आणि टीव्हीच्या मेन्यूतलं आपोआप जुळवून घेण्याचं बटण दाबा. कडेला दोन-तीन पिक्सेलची काळी रेघ राहते, पण अक्षरं एचडीएमआयपेक्षा स्पष्ट येतात. व्हीजीएतून आवाज जात नाही, त्यासाठी वेगळी केबल लागेल. काही संचांत एखाद्या एचडीएमआय पोर्टवर ‘डीव्हीआय’ किंवा ‘पीसी’ असं लिहिलेलं असतं, एचडीएमआय वापरायचं झालं तर संगणकासाठी तोच पोर्ट निवडावा.

टीव्ही यातली बरीचशी सेटिंग प्रत्येक पोर्टसाठी वेगळी लक्षात ठेवतो आणि कधीकधी ६० व १२० हर्ट्झसाठी, किंवा एचडीआर चालू-बंद असतानाही, वेगवेगळी. केबल दुसऱ्या पोर्टमध्ये गेली की सगळं मूळ पदावर आल्यासारखं दिसतं ते यामुळे. जुळलेल्या मेन्यूच्या पानांचे मोबाइलने फोटो काढून ठेवा आणि संगणकाच्या पोर्टला मागे एक चिठ्ठी चिकटवा.